गॉस्फर्ड आणि न्यूकॅसल: एकाच फ्रीवेवरचं भांडण

ऑस्ट्रेलियात फुटबॉलची सगळ्यात भारी डर्बी, म्हणजे शेजारशेजारच्या टीमची मॅच, कुठली असं विचारलं की लोक लगेच सिडनीच्या दोन टीमची नावं घेतात, नाहीतर मेलबर्नच्या. गर्दी तिकडे जास्त असते, टीव्हीवाले तिकडेच पळतात, सगळं मान्य. पण मला विचाराल तर खरी डर्बी सिडनीच्या उत्तरेला आहे, सेंट्रल कोस्ट मरीनर्स विरुद्ध न्यूकॅसल जेट्स. मी मरीनर्सची फॅन आहे हे आधीच सांगून टाकते, पण फॅन नसते तरी हेच म्हटलं असतं. कारण मोठ्या शहरांच्या डर्बीत अर्धं शहर दुसऱ्या अर्ध्याशी भांडतं आणि जिंकलं कोणीही तरी कप शेवटी त्याच शहरात राहतो. इथे तसं नाहीये. इथे दोन अशा जागा भांडतात ज्यांच्याकडे बाकी देशाचं फारसं लक्षच नसतं, आणि भांडताना दोघांना माहीत असतं की समोरचा नसेल तर आपल्यालाही कोणी विचारणार नाही.

हिला एफ-थ्री डर्बी म्हणतात. एफ-थ्री म्हणजे सिडनी-न्यूकॅसल फ्रीवे. २०१३ मध्ये त्या रस्त्याचा नंबर बदलला, पाट्यांवर आता एम-वन लिहिलेलं असतं, पण डर्बीचं नाव तेच राहिलं. सेंट्रल कोस्टचं मुख्य शहर गॉस्फर्ड, तिथून न्यूकॅसल साधारण तासाभराच्या ड्राइव्हवर, आणि गॉस्फर्डहून सिडनीही जवळपास तेवढंच. म्हणजे कोस्ट बरोब्बर मधोमध. माझं घर कोस्टवर आणि ऑफिस न्यूकॅसलला, त्यामुळे हा रस्ता माझा रोजचा, आणि डर्बीच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाय ठेवणं म्हणजे एकतर सोहळा असतो नाहीतर शिक्षा.

आता न्यूकॅसलवाल्यांचं काय म्हणणं असतं ते आधी सांगते, कारण त्यात तथ्य आहे. ते म्हणतात फुटबॉल आमचं, तुम्ही कालचे. आणि खरंच, हंटर भागात, म्हणजे न्यूकॅसलच्या आसपास, कोळशाच्या खाणी सुरू झाल्या तेव्हा इंग्लंड-स्कॉटलंडहून जे खाणकामगार आले ते फुटबॉल सोबत घेऊनच आले. तिथल्या उपनगरांची नावं बघा, वॉल्सेंड, जेसमंड, गेट्सहेड, हेक्सम, सगळी थेट इंग्लंडच्या न्यूकॅसलच्या आजूबाजूची. ॲडम्सटाउन रोझबड नावाचा क्लब १८८९ चा आहे, अजून चालू आहे. क्रेग जॉन्स्टन न्यूकॅसलजवळच्या लेक मॅक्वारीला लहानाचा मोठा झाला, तिथून आधी मिडल्सब्रोला, मग लिव्हरपूलला गेला आणि १९८६ च्या एफए कपच्या फायनलमध्ये त्याने गोल केला. १९७८ मध्ये राष्ट्रीय लीगमध्ये न्यूकॅसलची केबी युनायटेड आली (केबी हे बिअरचं नाव), मग ती गेली, मग ब्रेकर्स आली, तीही गेली, २००० मध्ये न्यूकॅसल युनायटेड झाली आणि तिचंच पुढे जेट्स झालं. विल्यमटाउनला हवाई दलाचा तळ आहे, लढाऊ विमानं तिथून उडतात, म्हणून जेट्स. क्लब बुडाले, मालक पळाले, १९९९ मध्ये बीएचपीचा स्टीलचा कारखाना बंद झाला, हजारो घरांवर परिणाम झाला, पण फुटबॉल काही थांबलं नाही. आमच्या ऑफिसात एक वयस्कर सहकारी आहेत, जेट्सचे जुने मेंबर, आजोबा खाणीत होते त्यांचे. ते फुटबॉलबद्दल बोलायला लागले की घरातल्या माणसाबद्दल बोलल्यासारखं बोलतात. त्यांच्यासमोर मी कोस्टच्या इतिहासाचा मुद्दा काढतच नाही.

कारण कोस्टचा इतिहास म्हणजे बराचसा वाट बघण्याचा इतिहास आहे. साडेतीन लाखांच्या आसपास लोकवस्ती, त्यातले ढिगाने लोक पहाटेच्या ट्रेनने सिडनीला कामाला जाणारे, आणि स्वतःची म्हणावी अशी एकही राष्ट्रीय टीम नाही, कुठल्याच खेळात. २००० मध्ये गॉस्फर्डला पाण्याकाठी स्टेडियम झालं, ते खरं तर रग्बी लीगसाठी. सिडनीची नॉर्थ सिडनी बेअर्स तिथे येणार होती, बांधकाम रखडलं, बेअर्स कर्जात बुडाली, मग तिचं मॅन्लीशी विलीनीकरण होऊन नॉर्दर्न ईगल्स झाली, ती थोडे सीझन अर्धवट इथे खेळली आणि २००२ नंतर तीही संपली. म्हणजे वीस हजारांचं देखणं स्टेडियम, एका बाजूला माडासारखी उंच पामची झाडं, त्यांच्यामागे ब्रिस्बेन वॉटरचं निळं पाणी, आणि आत खेळायला कोणी नाही. २००४ मध्ये मरीनर्सची स्थापना झाली आणि २००५ मध्ये ए-लीग, म्हणजे नवी राष्ट्रीय लीग, सुरू झाली तेव्हा आठ टीमपैकी सगळ्यात छोट्या जागेची टीम आमची. लोक म्हणत होते दोन वर्षं टिकली तर खूप. लॉरी मॅकिना नावाचा स्कॉटिश कोच होता, त्याने टीमला अक्षरशः शाळाशाळांमध्ये फिरवलं, पोरांना ओळख करून दिली, आणि पहिल्याच सीझनला टीम थेट ग्रँड फायनलला गेली, सिडनी एफसीकडून १-० ने हरली पण गेली तर खरी.

वैराची सुरुवात मात्र त्याआधीच झाली होती, ए-लीगचा पहिला बॉल पडायच्याही आधी. मे २००५ मध्ये क्लब वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या पात्रतेसाठी एक छोटी स्पर्धा झाली, त्यात दोघांची पहिलीवहिली गाठ पडली. मरीनर्स जिंकले, पण त्या मॅचमध्ये जेट्सच्या अँड्र्यू ड्युरांटेचा पाय मोडला. पहिल्याच भेटीत असं झाल्यावर पुढे काय होणार होतं? न्यूकॅसलवाले ते विसरले नाहीत. आणि ड्युरांटेचं नाव लक्षात ठेवा, पुढे येणारे.

आता २००७-०८ चा सीझन. यावर मी तासन्‌तास बोलू शकते. २१ मॅचचा सीझन होता, शेवटी टेबलवर मरीनर्स आणि जेट्स दोघांचे ३४-३४ पॉइंट. बरोबरी! फक्त गोलफरकावर मरीनर्स पहिले आणि जेट्स दुसरे. देशातल्या सगळ्या मोठ्या शहरांना खाली टाकून गॉस्फर्ड आणि न्यूकॅसल पहिल्या दोन नंबरांवर. सिडनी तिसरी. मग दोन मॅचच्या गोलांची बेरीज करून ठरणारी सेमीफायनल, पहिली न्यूकॅसलला, जेट्स २-० ने जिंकले आणि आम्ही संपलो असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. दुसरी गॉस्फर्डला, तिथे मरीनर्सनी एक्स्ट्रा टाइमपर्यंत खेचून ३-० केलं, एकूण ३-२. म्हणजे ग्रँड फायनल आपल्या घरी खेळायचा हक्क मरीनर्सनी कमावला. जेट्सना अजून एक संधी होती, त्यांनी क्वीन्सलँड रोअरला एक्स्ट्रा टाइममध्ये हरवलं, आणि फायनलला पुन्हा हेच दोघं समोरासमोर.

आणि इथे जे झालं त्याचा राग मला अजून येतो. हक्क कमावला होता गॉस्फर्डने, पण स्टेडियम लहान पडेल म्हणून फायनल नेली सिडनीला, सिडनी फुटबॉल स्टेडियमवर. फ्रीवेच्या वरच्या टोकाची टीम, मधल्या गावाची टीम, आणि मॅच खालच्या टोकाला, जिथली टीम फायनलमध्ये नाहीच. २४ फेब्रुवारी २००८. ३६ हजारांवर लोक आले, त्यातले बहुतेक कोस्ट नाहीतर हंटरहून गाड्या-बसेस-ट्रेन भरभरून गेलेले. तिकिटं जास्त खपली, हिशोब बरोबर जमला, हे मला कळतं. पण हातातोंडाशी आलेला घास एका गावाकडून काढून घेतला तो घेतलाच. आणि हे काही त्याच दिवसापुरतं नव्हतं, कोस्टच्या आणि हंटरच्या माणसांना हे नेहमीचंच आहे, नोकरी सिडनीला, मोठी हॉस्पिटलं सिडनीला, चांगला खेळाडू तयार झाला की तोही सिडनीला.

मॅचचं सांगायचं तर दुसऱ्या हाफमध्ये, ६४ व्या मिनिटाला, मार्क ब्रिजने गोल केला, जेट्स १-०. मरीनर्सकडे जॉन अलोइसी होता, साशो पेट्रोव्स्की होता, पुढे ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन झालेला माइल येडिनाक मिडफिल्डला होता, सगळे तुटून पडले पण बॉल काही आत जाईना. आणि मग अगदी शेवटच्या क्षणांत मरीनर्सचा कॉर्नर, बॉक्समध्ये गर्दी, आणि बॉल जेट्सच्या जेम्स हॉलंडच्या हाताला लागला. मी ती क्लिप इतक्यांदा पाहिलीये की डोळे मिटले तरी दिसते. हात वर होता, बॉल लागला, पेनल्टी होती. रेफ्री मार्क शील्डने दिली नाही. मरीनर्सचे सगळे त्याच्यावर धावून गेले, आमचा गोलकीपर डॅनी वुकोविच कॉर्नरसाठी पुढे आला होता, रागाच्या भरात त्याने रेफ्रीच्या हातावर फटका मारला. रेड कार्ड. फायनल गेली ती गेलीच, वर त्या २२ वर्षांच्या पोराला लांबलचक बंदी आणि त्याच वर्षीचं बीजिंग ऑलिम्पिकही हातचं गेलं.

फटका मारणं चूकच. रेफ्रीला हात लावायचा नाही म्हणजे नाही, त्यात पण-बिण काही नसतं, आणि शिक्षा झाली ती योग्यच झाली. पण पेनल्टी होती हेही तितकंच खरं, आणि या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे ऑफिसातल्या माझ्या त्या सहकाऱ्यांना आजही पटत नाही. ते म्हणतात बॉल हाताला लागला की हात बॉलला? मी म्हणते हात वर कशाला होता मग? हे भांडण दरवर्षी फेब्रुवारीत होतं, चहाच्या कपासकट होतं, आणि मला वाटतं दोघांनाही ते हवं असतं.

आणि त्या फायनलचा मॅन ऑफ द मॅच कोण, जो मार्स्टन मेडल कोणाला मिळालं? अँड्र्यू ड्युरांटेला. ज्याचा पाय पहिल्या गाठीत मोडला होता, त्यानेच तीन वर्षांनी डिफेन्समध्ये उभं राहून आमचं एकही आक्रमण आत येऊ दिलं नाही. मरीनर्सची फॅन म्हणून दुखतं, पण याला म्हणतात उट्टं काढणं, आणि मैदानावर, नियमात राहून काढलेलं. मी मनापासून टाळ्या वाजवते त्याला.

त्यानंतरची काही वर्षं भरभर सांगते. आमच्याकडे ग्रॅहम अर्नल्ड कोच झाला, मॅट रायन गोलकीपर, ट्रेंट सेन्सबरी डिफेन्समध्ये, टॉम रोगिच काही काळ, २०११ ची फायनल ब्रिस्बेनकडून पेनल्टीवर गेली, २०१३ ला अखेर वेस्टर्न सिडनीला २-० ने हरवून पहिलं चॅम्पियनशिप आलं. तिकडे जेट्स कोळशात पैसा कमावलेल्या नेथन टिंकलरने घेतले, एमिल हेस्की आला, दणक्यात सुरुवात झाली, पुढे पैसा आटला आणि २०१५ ला फेडरेशनने लायसन्सच काढून घेतलं. कोळशाचे भाव चढले की न्यूकॅसल चढतं आणि पडले की पडतं असं तिथले लोक म्हणतात, क्लबचंही तेच झालं.

मग आला तो काळ ज्याबद्दल दोन्हीकडचे लोक कमी बोलतात, आणि मला मात्र तोच काळ महत्त्वाचा वाटतो. २०१४-१५ ला लीगमध्ये शेवटचा नंबर जेट्सचा. २०१५-१६ ला मरीनर्सचा. २०१६-१७ ला पुन्हा जेट्स. मग २०१८, २०१९, २०२०, सलग तीनदा मरीनर्स. सहा सीझन ओळीने तळाची जागा या दोघांच्या बाहेर गेलीच नाही! एप्रिल २०१८ मध्ये तर जेट्सनी गॉस्फर्डला येऊन आम्हाला ८-२ ने धुतलं. आठ. आपल्याच घरात, डर्बीमध्ये. त्याच वर्षी उसेन बोल्ट आमच्याकडे ट्रायलला आला, जगभर बातम्या झाल्या, एका फ्रेंडलीत दोन गोल केले आणि नोव्हेंबरपर्यंत गेलासुद्धा, टीमला त्याचा काही उपयोग झाला नाही. लोक उघड म्हणायला लागले होते की हे दोन्ही क्लब बंद करा, मोठ्या शहरांमध्ये अजून एकेक टीम द्या, प्रेक्षक मिळतील, टीव्हीचे पैसे मिळतील. त्या दिवसांत डर्बी असली की स्टेडियम बाकीच्या मॅचपेक्षा जास्त भरलेलं दिसायचं. दहावी विरुद्ध नववी टीम, आणि तरी लोक यायचे. टेबलमधल्या नंबरसाठी कोणी आलंच नव्हतं. पलीकडचे येणार म्हटल्यावर आपण घरी कसं बसायचं, एवढंच होतं ते.

त्याच २०१८ मध्ये जेट्सचं जे झालं ते पाहून मला पहिल्यांदा त्यांच्यासाठी वाईट वाटलं. आदल्या वर्षी शेवटचे, या वर्षी थेट फायनलला. सेमीफायनलला रायली मॅकग्रीने तो टाचेने मारलेला अद्भुत गोल केला, जगभर फिरला तो व्हिडिओ. आणि फायनल चक्क न्यूकॅसलला, त्यांच्या घरी, २९ हजारांवर लोक. नवव्या मिनिटाला मेलबर्न व्हिक्टरीच्या कोस्टा बार्बारूसेसने गोल केला, त्याच्या आधी एक खेळाडू साफ ऑफसाइड होता, आणि नेमक्या त्याच क्षणी व्हीएआरचं, म्हणजे व्हिडिओ रेफ्रीचं, फुटेज बंद पडलं. बंद पडलं! लीगने नंतर कबूल केलं की तांत्रिक बिघाड होता. जेट्स १-० ने हरले. शेवटी वैतागून रॉय ओडोनोव्हनची किक समोरच्या गोलकीपरच्या तोंडावर बसली आणि रेड कार्ड झालं. १-० चा पराभव, रेफ्रीचा न मिळालेला निर्णय, शेवटी रेड कार्ड, दहा वर्षांपूर्वी आमच्या बाबतीत घडलं तसंच सगळं. सोमवारी ऑफिसात मी काहीच बोलले नाही, त्या सहकाऱ्यांच्या शेजारी नुसती बसले. तेच म्हणाले, आता कळलं मला, तुम्हाला २००८ ला काय वाटलं असेल ते.

या ओडोनोव्हनचंच बघा ना, तो त्याआधी मरीनर्सचा स्ट्रायकर होता. नायजेल बोगार्ड २००८ ला आमच्याकडे होता आणि नंतर वर्षानुवर्षं जेट्सचा कॅप्टन होता. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे लॉरी मॅकिना. मरीनर्सचा पहिला कोच, लोकांनी इतकं प्रेम केलं की २०१२ ला तो गॉस्फर्डचा मेयर झाला, अपक्ष म्हणून! मग २०१६ ला गॉस्फर्ड आणि वायोंग कौन्सिल एकत्र केल्या, मेयरपद संपलं, आणि हा गृहस्थ त्याच वर्षी गेला कुठे, तर न्यूकॅसल जेट्सचा सीईओ म्हणून. काही जणांना फार लागलं ते. मला नाही लागलं. दोन्ही क्लबचं काम एकच आहे, पैसा नाही, मोठं नाव नाही, शाळेत जा, पोरांना गोळा करा, लोकांना पटवा की आपल्या गावची टीम बघायला सिडनीपेक्षा आपल्याच गावात मजा आहे. ते काम ज्याला येतं तो फ्रीवेवर एक तास वर सरकला, बस.

मधे २०२१ ला जेट्सचं लायसन्स पुन्हा एकदा मालकाकडून काढून घेतलं, आणि काही काळ लीगमधल्या बाकीच्यांपैकी काही क्लबच्या मालकांनी पैसे घालून क्लब चालू ठेवला. त्या वेळी कोस्टवरही काळजीचं वातावरण होतं. खरं सांगते, जेट्स गेले असते तर आम्ही फार दिवस उरलो नसतो.

आणि आता आनंदाचा भाग. डिसेंबर २०२२ मध्ये लीग चालवणाऱ्यांनी जाहीर केलं की पुढच्या तीन वर्षांच्या ग्रँड फायनल सिडनीलाच होणार, कोणीही पहिलं येवो, सरकारी पर्यटन खात्याशी तसा करारच केला. देशभर फॅन चिडले, मॅच अर्धवट सोडून स्टँडमधून बाहेर पडले. कोस्ट आणि न्यूकॅसलला तर हे पाचवीला पुजलेलं, आम्ही २००८ पासून हेच बोलत होतो. पण एक प्रामाणिकपणे सांगायला हवं, २०२३ ला या निर्णयाचा फायदा आम्हालाच झाला. हक्क मेलबर्न सिटीचा होता आणि फायनल झाली सिडनीतल्या पॅरामॅटाला, म्हणजे कोस्टहून दीड तासावर. फायदा झाला म्हणून ते बरोबर होत नाही, मेलबर्नवाल्यांवर अन्यायच झाला तो. मॅच मात्र अशी झाली की विचारू नका, मरीनर्स ६-१! जेसन कमिंग्जची हॅटट्रिक, कोच निक माँटगोमरीची टीम, लीगमधल्या सगळ्यात कमी खर्चाच्या टीमपैकी एक, आणि समोर सगळ्यात श्रीमंतांपैकी एक.

आणि ट्रॉफी उचलली कोणी? डॅनी वुकोविचने. तोच. पर्थ, सिडनी, बेल्जियम, नेदरलँड्स फिरून २०२२ ला तो घरी परत आला होता, फायनलला ३८ वर्षांचा होता, मरीनर्सचा कॅप्टन. पंधरा वर्षं ज्याचं नाव घेतलं की लोकांना त्या एका फटक्याची आठवण यायची, त्याच्या हातात कप. मी रडले, आजूबाजूचे सगळेच रडत होते.

ऑक्टोबर २०२३ ला तो सिडनीचा करार रद्द झाला, हक्क पुन्हा टेबलवर वर असलेल्या टीमकडे आला, आणि २५ मे २०२४ ला ग्रँड फायनल गॉस्फर्डला झाली. गॉस्फर्डला! त्याच वीस हजारांच्या, २००८ ला लहान ठरवलेल्या स्टेडियमवर, जास्तीच्या खुर्च्या टाकून २१ हजारांवर लोक बसले. मेलबर्न व्हिक्टरीला एक्स्ट्रा टाइममध्ये ३-१ ने हरवलं. त्याच महिन्यात मस्कतला लेबनॉनच्या अल अहदला १-० ने हरवून एएफसी कपही, म्हणजे आशियातल्या क्लबांचा कप, आणला होता, टेबलवरही पहिले होतो, म्हणजे एका सीझनला तीन ट्रॉफी. एएफसी कपच्या वाटेवर मार्चमध्ये ओडिशा एफसी गॉस्फर्डला येऊन ४-० ने हरली होती, माझ्यासाठी ती मॅच जरा अवघड गेली, पण मरीनर्सची पिवळी जर्सी काही काढली नाही मी.

भारतातल्या वाचकांसाठी अजून एक. मोहन बागानचा दिमित्री पेट्राटोस माहीत असेल तुम्हाला, तो २०१८ च्या त्या जेट्स टीमचा हीरो. आणि २०२३ च्या फायनलमध्ये हॅटट्रिक करणारा आमचा कमिंग्ज, तोही लगेच मोहन बागानला गेला. एक जेट, एक मरीनर, कोलकात्यात एकाच जर्सीत. दोघं गोलनंतर मिठी मारायचे ते बघताना मला फार गंमत वाटायची.

मुलींच्या टीमबद्दल न लिहिता संपवलं तर माझी लेक बोलणार नाही माझ्याशी. न्यूकॅसलने २००८ पासून, लीग सुरू झाल्यापासून, महिलांची टीम चालू ठेवलीये, वाईटातल्या वाईट दिवसांतही बंद केली नाही, हे त्यांचं मोठेपण आहे आणि इथे कोस्टने मान खाली घालायला हवी, कारण आमची टीम दोन सीझन खेळून बंद झाली ती थेट २०२३ ला परत आली. मॅटिल्डाजची, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या महिला टीमची, एमिली व्हॅन एग्मंड न्यूकॅसलचीच, २००८ ला आम्हाला हरवणारे जेट्सचे कोच गॅरी व्हॅन एग्मंड यांची मुलगी. आमच्या मुलींनी मात्र परत आल्यावर वेळ दवडला नाही, मे २०२५ ला मेलबर्नला जाऊन व्हिक्टरीला पेनल्टीवर हरवलं आणि चॅम्पियन झाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जेट्सच्या पुरुषांनी ऑस्ट्रेलिया कप जिंकला, फायनलमध्ये हायडलबर्ग युनायटेडला एक्स्ट्रा टाइममध्ये ३-१ ने हरवून. त्यानंतर ऑफिसात मीच केक नेला.

कधी या बाजूला आलात तर डर्बीच बघा, दुसरी कुठलीही मॅच नको. गॉस्फर्डला असेल तर ट्रेनने या, स्टेशनवरून स्टेडियम चालत जवळ आहे, आणि सिडनीहून येत असाल तर हॉक्सबरी नदी ओलांडल्यावर खिडकीशी बसा. कॉर्नरजवळ सॉसच्या अवाढव्य फुगवलेल्या बाटल्या दिसतील, तो सॉस कोस्टवरच्याच कारखान्यात बनतो, फोटो काढायला तिथे पोरांची झुंबड असते.  न्यूकॅसलला असेल तर ब्रॉडमेडो स्टेशनला उतरा, आणि जेट्सच्या कट्टर फॅन लोकांच्या जरा बाजूला बसा, आवाज ऐकू येईल आणि मॅचही दिसेल. पिवळं घालून गेलात तर टोमणे खायची तयारी ठेवा, हाफटाइमला तेच लोक चिप्स पुढे करतात.

माझी एक इच्छा आहे. या दोघांची ग्रँड फायनल पुन्हा व्हावी, आणि या वेळी ती गॉस्फर्डला नाहीतर न्यूकॅसलला व्हावी, दोघांपैकी ज्याने हक्क कमावला असेल त्याच्या घरी. न्यूकॅसलला झाली तरी मी जाईन, आणि ते सहकारी मला त्यांच्या शेजारची सीट देणार आहेत असं आत्ताच ठरलंय. फक्त शेवटच्या मिनिटाला कोणाच्या हाताला बॉल लागला तर व्हीएआर चालू असू दे.